कपाळावरची पाच टिंबं

साळूबाई दुपारी बाराच्या एसटीने पोलादपूरहून महाडला आली ती भांडायलाच. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम होती. स्टुडिओत शिरल्या शिरल्या तिने ती काउंटरवर ठेवली, लुगडं बाजूला केलं आणि विचारलं, "ही कोन?"

सयाजीकाका चष्मा पुसत पुढे आले. स्टुडिओ त्यांचा, आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं खातंही त्यांनी स्वतःकडेच ठेवलेलं. "तुम्हीच की, आजी. झकास आलाय फोटो."

"मी नाय ही."

समीक्षा कॉम्प्युटरमागून उठून आली. फोटो तिने काढला होता, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत, साळूबाईच्या अंगणात. म्हातारीने मुद्दाम निरोप धाडून बोलावलं होतं. तिची थोरली बहीण जनाबाई गेली तेव्हा घरात तिचा धड फोटो सापडेना. मुलांनी आधार कार्डावरचा मोठा करून भिंतीवर लावला, आणि त्यात बिचारी जनाबाई पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. तेव्हाच साळूबाईने ठरवलं, आपला फोटो आपण जिवंतपणी, आपल्या मनासारखा काढून घ्यायचा. मागे डोंगर पाहिजे आणि तो धुरकट नको, एवढी तिची अट होती.

डोंगर तर उत्तम आला होता, झाडन् झाड मोजून घ्यावं असा. पण मग समीक्षाने चेहऱ्याकडे पाहिलं. साळूबाईचं कपाळ कोरं होतं. प्रत्यक्षात तिच्या भुवयांच्या मधोमध हिरव्या गोंदणाची पाच टिंबं होती, त्यातलं एकही फोटोत नव्हतं.

"कुकू पुसलं त्याला तीस वर्सं झाली," साळूबाई म्हणाली. "ह्ये तेवढं ऱ्हायलं व्हतं. त्येबी पुसलात?"

"चेहरा जरा साफ केला हो, आजी," काका म्हणाले.

"का? घान व्हता?"

काका पुन्हा चष्मा पुसू लागले. खरं उत्तर समीक्षाला ठाऊक होतं, पण ते सांगायची लाज वाटत होती.

घाण कॅमेऱ्यात होती. आतलं शटर प्रत्येक फोटोला उघडतं आणि मिटतं. त्याच्या वंगणाचे बारीक थेंब उडून सेन्सरवर, म्हणजे जिथे चित्र उमटतं त्या काचेवर, बसले होते. एकूण नऊ. लग्नाच्या हॉलमध्ये ते कुणाला दिसत नसत. पण मागे उजेडी आभाळ असलं आणि लांबचा डोंगर स्पष्ट यावा म्हणून लेन्सचं छिद्र बारीक केलं, की नऊच्या नऊ हजर. फुंकणीने धूळ उडते, तेल उडत नाही. हे समीक्षाने चार महिन्यांत काकांना इतक्या वेळा सांगितलं होतं की भिंतींनाही पाठ झालं असेल. काकांचं उत्तर ठरलेलं: सेन्सरला हात लावायचा नाही, चरा पडला तर कॅमेरा गेला, डाग कॉम्प्युटरवर पुसायचे.

पुसायची युक्तीही काकांचीच. माणूस हलला तरी सेन्सरवरचा डाग हलत नाही, तो प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो. म्हणून एका फोटोवर नऊ गोल करून डाग घालवायचे आणि तेच गोल एका बटणासरशी बाकीच्या सगळ्या फोटोंवर लावायचे. दोनशे फोटो दोन मिनिटांत चकाचक. गोलाखाली आभाळ आहे की कुणाचं कपाळ, ते बघायचं काम समीक्षाचं होतं. त्या दिवशी तिला वीर गावी आपल्या घरी जायची घाई होती आणि तिने बघितलं नव्हतं.

"आजी, चूक माझी आहे," ती म्हणाली.

"तुजी आसंल नायतर याची आसंल. मी गेल्यावर नातवंडं ह्या बाईच्या पाया पडनार. मंग माज्या पाया कोन पडनार गो?"

यावर हसू येण्यासारखं होतं, पण म्हातारीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. समीक्षाने मूळ फोटो उघडून पाहिला. तिथे टिंबांच्या जागी तेलाचा करडा डाग नेमका बसला होता, खालची टिंबं दिसतच नव्हती.

"त्यात काय," काका म्हणाले, "ब्रशने पाच टिंबं काढ. हिरवा रंग घे."

"म्हंजे आता कंपुटर गोंदनार मला?" साळूबाई म्हणाली.

"मी टिंबं काढणार नाही," समीक्षा म्हणाली. "मी कॅमेरा साफ करणार आणि आजींचा फोटो पुन्हा काढणार."

"हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं उद्या."

तिच्या खणात महिनाभर एक पाकीट पडून होतं. आत सेन्सरच्या रुंदीच्या सपाट बोळ्यांच्या काड्या आणि द्रवाची इवलीशी बाटली. तिने पंखा बंद केला आणि कॅमेऱ्यात पूर्ण भरलेली बॅटरी घातली, कारण काडी आत असताना बॅटरी संपली तर सेन्सरपुढचा उचललेला आरसा खाली आपटतो. लेन्स काढली, आरसा वर घेतला, बोळ्यावर दोन थेंब सोडले. मग काडी टेकवली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका हाताने, न थांबता ओढली. काका तोंड फिरवून उभे होते, तरी काउंटरच्या काचेत त्यांना सगळं दिसत होतं.

पहिल्या खेपेला तेल फासलं गेलं. पांढऱ्या कागदाचा फोटो काढून पाहिला तर नऊ डागांच्या जागी ओरखडल्यासारखे पट्टे.

"घ्या," काका म्हणाले. "वाटोळं."

समीक्षाने काडी खाली ठेवली. साळूबाई स्टुलावरून म्हणाली, "म्हावऱ्याच्या ताटाचा वशाट वास एका पान्यानं जातो काय रं कदी? कर गो तू."

तिने नवी काडी घेतली. मग आणखी एक. तिसऱ्या काडीनंतर कागद कोरा आला, कडेपासून कडेपर्यंत. आपल्याला रडू येतंय हे तिच्या तेव्हा लक्षात आलं, आणि काकांना ते दिसू नये म्हणून ती कॅमेरा घेऊन तडक गच्चीचा जिना चढली.

गच्चीतून दिसणारा डोंगर साळूबाईचा नव्हता, पण मागोमाग वर आल्यावर तिने तो चालवून घेतला. समीक्षाने तीन फोटो काढले, एकदा तिला डावीकडे उभी करून, एकदा मध्ये, एकदा उजवीकडे.

खाली स्क्रीनवर फोटो उघडला तेव्हा काकांनी जवळजवळ नाक टेकवलं. आभाळ स्वच्छ होतं. कपाळावर टिंबं होती, पाचच्या पाच. काका बराच वेळ शोधत राहिले आणि एकदम खुलले. "हा बघ. हनुवटीवर. राहिला ना एक?" सवयीने त्यांचा हात माउसवर गेला.

समीक्षाने तो तिथेच धरला. दुसऱ्या हाताने तिने तिन्ही फोटो एकामागून एक पुढे सरकवले. साळूबाई डावीकडून मध्ये आली, मधून उजवीकडे गेली. ठिपका तिच्या हनुवटीवरून हलला नाही.

"सेन्सरवरचा डाग जागा सोडत नाही, काका. तुम्हीच शिकवलंय. हा आजींबरोबर चाललाय."

साळूबाईने हनुवटी वर केली. तिथे मोहरीएवढं एक वेडंवाकडं टिंब होतं, समीक्षालाही आजवर न दिसलेलं. "त्ये जनाचं हाय," ती म्हणाली. "गोंदनारीन गेल्यावर गोठ्यात बसून तिनं सुईनं टोचलंन. आयेनं दोगींना बडवलंन. पुस बगू आता."

काकांनी माउस सोडला.

"मी उद्या येणार आहे," समीक्षा त्यांना म्हणाली. "दुसरा कॅमेराही साफ करायचाय."

काकांनी उठून पंखा लावला आणि प्रिंटरमध्ये मोठा कागद घातला.

तोवर साळूबाईने फ्रेमच्या मागचे खिळे नखाने उचकटून जुना फोटो बाहेर काढला होता. कोऱ्या कपाळाची ती बाई तिने काकांच्या हातात दिली. "हिची मानसं शोदा," ती म्हणाली, "नि त्यांना देऊन टाका."