ठिणग्या झेललेली घोंगडी

मी घोंगडी बोलायलेय. वय पंचेचाळीस. काळी, खरबरीत, जवळ घेतलं की खाजवणारी. माझं कौतुक कुणी करत न्हाई, म्हणून मीच करून घेते.

मेहकरच्या काशाप्पानं स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीतनं मला विणून घेतलं. जत्रेला माझी घडी अंथरायची, तिच्यावर मल्लण्णाला बसवायचं, भंडारा उधळायचा. त्या दिवशी मी देवाची गादी. बाकी वर्षभर दांडीवर लोंबकळत माश्या हाकायच्या.

काशाप्पाची नात प्रतीक्षा वेल्डिंग शिकली अन् विशाखापट्टणमच्या गोदीत कामाला लागली. निघताना काशाप्पानं मला तिच्या ट्रंकेवर टाकलं.

"आज्जा, तिथं उकाडा हाय. घोंगडी कामून?"

"सोबतीला. जत्रेला दोघी परत या. अन् ऐक, हिला जाळू नको. जळकं देवाला चालत न्हाई."

गोदीत एक युद्धनौका उभी होती. तिला म्हणे विनाशिका म्हणतात. नाव ऐकून मी घाबरले, अन् बघितल्यावर घाबरायचं बी विसरले. मेहकरची वेशीपासून तळ्यापर्यंतची गल्ली तिच्या पाठीवर निजली असती! वयानं माझ्याएवढीच, पण या वयात तिला नवी क्षेपणास्त्रं बसवायले होते. काही समुद्रावरची जहाजं बुडवणारी, काही लांब जमिनीवर मारा करणारी. मला या वयात दांडीवरनं उतरायला दोन माणसं लागतात.

त्या क्षेपणास्त्रांच्या नळ्या डेकला जोडायचं काम प्रतीक्षाकडं. दुपारी डबा खाल्ला की मी तिच्या डोक्याखाली.

शेवटचा जोड चालू होता. खाली नव्या वायरींचा जुडगा, त्याच्यावर आग अडवायची चादर. चादर घसरली. ठिणग्या सरळ वायरींवर.

"प्रतीक्षा, खाली बघ!" जोडीदारीण अंजू ओरडली.

प्रतीक्षानं हाताला लागलं ते फेकलं. हाताला मी लागले.

लोकर भडकत न्हाई, ठिणगी गिळते. मी सात गिळल्या. आठवी जाडजूड होती. बोटभर भोक पाडून विझली. वायरी वाचल्या.

प्रतीक्षा मला मांडीवर घेऊन बसली. "आता आज्जाला काय तोंड दाखवू?"

"रफू कर की," अंजू म्हणाली.

"देवापासून लपवून?"

मग चाचणीला विनाशिका समुद्रात गेली. प्रतीक्षा बी गेली, पिशवीत मी. आधी सगळं गप्प. मग डेक थरारला, नळीतनं जाळ उसळला अन् असा गडगडाट झाला की माझा केस न् केस उभा राहिला. माझ्याकडं केसांशिवाय दुसरं हाय काय? ते अस्त्र पाण्यावर वाकलं अन् नजर सरते तिथं दिसेनासं झालं. बऱ्याच वेळानं भोंग्यातनं आवाज आला, नेम बसला. एवढं बळ माणसानं नळीत बांधून ठेवलंय! प्रतीक्षा मात्र खाली बघत होती. तिचा जोड जागचा हलला नव्हता.

जत्रेला काशाप्पानं माझी घडी उलगडली. भोकातनं त्याचं बोट आरपार गेलं.

"जाळलीस?"

"व्हय आज्जा." तिनं सगळं सांगितलं.

"मामा, नवी आणू का?" सून जगदेवीनं हळूच विचारलं.

काशाप्पानं भोकाची कड अंगठ्यानं चाचपली. मग म्हणाला, "लांडगा हाकलताना कुत्र्याचा कान फाटला, तर कुत्रं हाकलून द्यायचं व्हय?"

त्यानं त्या भोकात चिमूटभर भंडारा भरला अन् वर मल्लण्णाला बसवलं.

आता मी पुन्हा दांडीवर. देवाला एवढंच मागते, त्या नळ्या कुणावर मारा न करता भरलेल्याच म्हाताऱ्या होऊ देत. अन् मला कुणी रफू करू नका बायांनो. चाळिशीनंतर आपल्याकडं बी दाखवण्यासारखं काहीतरी असावं.