माझे फुगलेले झाकण आणि पट्टीबाई

मी एक जुना पोलादी ड्रम आहे. रंग पिवळा, पोट गोल, वय अठ्ठावीस. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या पोटात कचरा आहे खरा, पण साधासुधा नव्हे. किरणोत्सारी पदार्थ हाताळणाऱ्या कामगारांचे रबरी हातमोजे, सुती डगले आणि पुसायची फडकी माझ्या हवाली केलेली आहेत. त्यांना चिकटलेल्या कणांतून न दिसणारी किरणे निघतात. ती कोणाला बाधू नयेत म्हणून झाकण घट्ट आवळून मला जाड भिंतींच्या गोदामात उभे केले.

नवा होतो तेव्हा माझी चकाकी पाहून सगळे खूश झाले. पुढे कोणी ढुंकूनही पाहीना. बंद ड्रममध्ये काय व्हायचे आहे, असे सगळ्यांना वाटे. पण आत खूप काही चालले होते. किरणांच्या माऱ्याने हातमोजे कडक होऊन तडकत होते, कापूस तपकिरी पडून त्याचा भुगा होत होता, आणि या सगळ्यातून हायड्रोजन वायू सुटत होता. पोट गच्च झाले, पण मी ढेकर देणार कसा?

मग नव्या तपासनीस बाई आल्या. त्या प्रत्येक झाकणावर पोलादी पट्टी आडवी ठेवून पाहत, म्हणून त्यांचे नाव पडले पट्टीबाई. माझ्या झाकणावर त्यांची पट्टी डुगडुगली.

"साहेब, हे झाकण फुगलंय."

"अहो बाई, म्हातारपणी पोट सुटतंच!" गोदामाचे साहेब हसले.

"सुटलं नाही साहेब, आत वायू धरलाय."

साहेबांनी वाकून पाहिले आणि त्यांचे हसू मावळले. वहीत माझ्यापुढे 'सुका कचरा' असे लिहिले होते. तेव्हा वायू थोडाच असेल, ड्रिलने भोक पाडून सोडून देऊ, असे ठरले.

"जरा थांबा," पट्टीबाई म्हणाल्या. "त्या काळी इथे ड्रम भरायचं काम माझे सासरे करायचे. आधी त्यांना विचारू."

दुसऱ्या दिवशी सासरे काठी टेकत आले. माझा क्रमांक पाहताच त्यांचे डोळे चमकले.

"हा तर मीच भरलाय! पण सुका कसला? त्या दिवशी नळ फुटला होता. फडकी चिंब ओली होती, तशीच कोंबली मी." त्यांचा आवाज खाली आला. "शिक्का मात्र नेहमीचाच, 'सुका कचरा' असा मारला. चुकलंच माझं."

किरणांच्या माऱ्याने पाण्यातूनही हायड्रोजन सुटतो, म्हणून ओल्या फडक्यांमुळे वायू कितीतरी जास्त साठला असणार होता. ड्रिलची एक ठिणगी पडली असती, तर भडकाच!

"ड्रिल आधी बाहेर न्या," साहेब घाम पुसत म्हणाले.

मग जाड काचेआडून, ठिणगी न पाडणाऱ्या अवजाराने माझ्या झाकणाला बारीक छिद्र पाडले. फुस्स! वायू नळीवाटे निघून गेला. काय सांगू मित्रांनो, अंग पिसासारखे हलके झाले! त्या छिद्रावर गाळणी बसवली. आता वायू बाहेर जातो आणि धूळ आतच राहते.

"बाबा, तुमच्यामुळे वाचलो आम्ही," पट्टीबाई म्हणाल्या.

"अगं, घोळही माझाच होता ना!"

"पण सांगितलात, हे काय थोडं झालं?"

"आजोबा, बाकीचे ड्रम आठवतात का?" साहेबांनी विचारले.

"आठवतात म्हणजे? खुर्ची आणा आधी!"

आठवडाभर ते सांगत होते आणि सगळे लिहून घेत होते. एकेक करून माझ्या सगळ्या भावंडांना गाळण्या बसल्या. आमच्या रांगेत एवढा आनंद कधी झाला नव्हता.

मित्रांनो, नजरेआड ठेवलेली वस्तू होती तशीच राहत नाही. तिच्याकडे अधूनमधून नीट पाहा. आणि आत काय भरले ते खरे लिहा, चुकून भरलेलेही लिहा. कारण ते वाचून, त्यावर विसंबून, उद्या कोणीतरी तिला हात लावणार असते.