पेशी सुटता सुटेनात

सलग तिसऱ्या आठवड्यात ताईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि पेशी होत्या तिथेच होत्या. कॅन्सरच्या पेशी, प्लास्टिकच्या बशीशी सात जन्मांचं नातं असल्यासारख्या चिकटलेल्या.

ताई ही प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. तिच्याहून जुना फक्त फ्रीज. पाच वर्षं तिचं म्हणणं एकच, की हार्मोनसारखं वागणारं एक प्रथिन या पेशींची पकड सैल करतं. मग त्या गाठीतून निसटतात आणि शरीरात दुसरीकडे बिऱ्हाड थाटतात. गेल्या वर्षी त्या सुटल्या होत्या. पुन्हा सोडवून दाखवा, एवढंच प्रबंधाचे परीक्षक मागत होते. मुदत शुक्रवारपर्यंत. "नाही सुटल्या तर विषय बदलू," सर म्हणाले होते, शर्ट बदलू म्हणावं तसं.

फोन वाजला. आई.

"चिकटल्या का गं?"

"चिकटल्या. तोच तर वैताग आहे!"

"अगं, मग चांगलंच की."

"आई, सुटायला हव्यात."

"कॅन्सर सुटायला हवा? शुभ बोल गं नाऱ्या म्हणायची वेळ आणू नकोस."

ताईने फोन ठेवला. प्रथिन नवं आणून झालं, पेशी नव्या वाढवून झाल्या, आता पत्रिका दाखवायचीच बाकी होती. तेवढ्यात नळ्या न्यायला काका आले. तीस वर्षं इथली भांडी तेच सांभाळत.

"काका, गेल्या वर्षीपासून इथे काय बदललं हो?"

"तुमचा तक्ता."

तक्ता भिंतीवरच होता. 'अनावश्यक कामे बंद', खाली ताईची लफ्फेदार सही.

"दर सोमवारी मी नळ्या अल्ब्युमिनच्या पाण्यात भिजवायचो. तुम्ही बंद केलंत. चौथं कलम."

"ते कशासाठी होतं?"

"मला काय ठाऊक? आधीच्या ताई सांगून गेल्या, मी करत गेलो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. तुम्ही म्हणालात, काका, विज्ञानात परंपरा चालत नाही."

ताई खुर्चीत बसली. तिचं प्रथिन इतकं कणभर, की सगळंच्या सगळं नळीच्या भिंतीला चिकटून राहत होतं. पूर्वी अल्ब्युमिन, म्हणजे एक साधं, स्वस्तातलं प्रथिन, आधीच ती जागा अडवायचं. म्हणजे तीन आठवडे तिने पेशींना मोठ्या इमानाने नुसतं खारं पाणी पाजलं होतं.

शुक्रवारी, काकांनी भिजवलेल्या नळ्या वापरून, तिने पुन्हा प्रयोग लावला. दुपारी बशी हलक्या हाताने धुतली. प्रथिन न दिलेल्या पेशी जागच्या हलल्या नाहीत. प्रथिनवाल्या निम्म्याहून जास्त धुवणाबरोबर वाहून गेल्या.

सरांनी पाहिलं. "छान. विषय तोच ठेवू. आणि मध्ये का बिघडलं, तेही प्रबंधात लिही. सविस्तर."

ताई स्टुलावर चढून तक्त्यातलं चौथं कलम खोडू लागली.

"शेजारी कारण पण लिहा," खालून काका म्हणाले. "पुढच्या ताईही तक्ता लावतीलच."

फोन वाजला.

"आई, सुटल्या!"



"असू दे गं. रडू नकोस. पुढच्या वेळी चिकटतील."