न फुटणारी संख्या

"शंभरातून सात-सात वजा करत जा? डॉक्टर, मला बालवाडीत घालताय की काय?" ताईनं विचारलं. डॉक्टर ओशाळून हसले.

शेजारच्या खुर्चीवर धाकटी बहीण मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. गेल्या महिन्यात ताईच्या खोलीत गॅस उघडा राहिला. शेजाऱ्यांनी दार तोडलं म्हणून ती वाचली. आता डॉक्टर 'डोकं शाबूत आहे' म्हणाले तर ती आजच खोलीवर एकटी परत जाणार, आणि नाही म्हणाले तर वृद्धाश्रमात. धाकटीनं ठेवून घ्यावं, तर सुनेच्या संसारात ती स्वतःच पाहुणी.

"मग आजी, तुम्हीच काहीतरी सांगा."

"आजी म्हणू नका. तुम्ही माझे नातू असतात तर गणिताला एवढं भ्याला नसतात. घ्या, नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे एकोणीस."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. ही संख्या विसरली नाही म्हणजे झालं!

ताई शाळेत गणित शिकवायची आणि धाकटी तिच्याच वर्गात. घरी ताई, शाळेत बाई. चुकून 'ताई' तोंडातून गेलं की तासभर उभं राहायची शिक्षा. दरवर्षी पहिल्याच तासाला ताई ही संख्या फळ्यावर लिहायची. "पाडा अवयव!" पोरी तिनानं भागत, सातानं भागत, वहीची पानंच्या पानं काळी करत. मग ताई खडू उचलायची. दहा लाखातून एक्क्याऐंशी गेले. म्हणजे हजाराचा वर्ग वजा नवाचा वर्ग. म्हणजे नऊशे एक्क्याण्णव गुणिले एक हजार नऊ. खेळ खलास! त्या दिवशी झाला तसा आनंद धाकटीला पुढे स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

"अंकांची बेरीज शेहेचाळीस," ताई सांगत होती, "म्हणून तीन नाही. एकाआड एक अंक मिळवून वजाबाकी करा, आठ उरतात, म्हणून अकरा नाही. सातानं भागलं तर चार उरतात."

सगळं बिनचूक. डॉक्टर आ वासून ऐकत होते.

"मूळ संख्या आहे ही. कुणाच्या बापाला फुटायची नाही."

धाकटी जागच्या जागी थिजली.

"कमाल आहे!" डॉक्टर म्हणाले. "यांचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे. खुशाल राहू द्या एकट्या." त्यांनी लिहायला पेन उचललं.

गप्प बसलं की झालं. ताई हसतखेळत खोलीवर गेली असती. आणि पुढच्या खेपेला शेजारी घरात नसले तर?

"ताई, ती फुटते."

"काय?"

"दहा लाखातून एक्क्याऐंशी."

ताई डॉक्टरांकडे बघून हसली. "हिला लहानपणापासून गणितात गती नाही हो. बाबांनी उगीच माझ्या गळ्यात मारली."

"नऊशे एक्क्याण्णव गुणिले एक हजार नऊ. तूच शिकवलंस."

"मी? मी चुकीचं शिकवीन?" ताईनं डॉक्टरांच्या हातचं पेन ओढून घेतलं आणि समोरच्या कागदावर गुणाकार मांडला. नवानं गुणलं, आठ हजार नऊशे एकोणीस. बरोबर. मग एक हजार नऊमधली दोन शून्यं आली. पेन थांबलं. ताई त्या शून्यांकडे बघतच राहिली.

"यांचं काय करायचं असतं गं?" तिनं अगदी हळू विचारलं.

धाकटीनं तिच्या मुठीतलं पेन सोडवलं आणि डॉक्टरांपुढे ठेवलं.