परदेशी साहेबाचा कोट

मी एक जुना कोट आहे. पिवळ्या चौकड्यांचा, अंगाला जरा घट्ट आणि दिसायला चांगलाच भडक. लालबागच्या एका चाळीखालच्या दुकानात दौलतरावांनी मला शिवलं, आणि माझी काजं केली हसनभाईंनी. दोघेही राजापूरकडचे. तीस वर्षं एकाने कापायचं, दुसऱ्याने काजं करायची. त्यांच्या गप्पा ऐकत मी तयार झालो. मित्रांनो, ते दिवस फार सुखाचे होते.

हसनभाईंना तेव्हा एकच घोर होता. त्यांची इमारत पाडायला काढली होती आणि भाड्याने खोली मिळत नव्हती. "दौलतराव, तुमच्या चाळीत बघा की. तुम्हीच तर सेक्रेटरी," ते म्हणायचे.

"अरे हसन, असती तर तुला नसती दिली? एक खोली रिकामी नाय," दौलतराव सांगायचे. खुंटीवरून ऐकताना मलाही ते खरंच वाटायचं.

मला न्यायला सुचित्राताई आल्या. त्या सिनेमातल्या कपड्यांचं काम बघायच्या. "परदेशी पाहुण्यासाठी आहे," एवढंच त्या म्हणाल्या. खरं तर मला घालणारा नट परळचाच, हितेंद्र. कुणी न ऐकलेल्या देशाचा साहेब बनून, कॅमेरा घेऊन तो लोकांच्या घरी जायचा, वाटेल ते आचरट बोलायचा आणि समोरचा मान डोलावतो का ते बघायचा. लोकांच्या मनातला मळ दाखवणारा विनोदी सिनेमा होता तो.

एके दिवशी तो मला घालून दौलतरावांच्या घरीच आला. आपण शिवलेला कोट साहेबाच्या अंगावर! दौलतरावांना आभाळ ठेंगणं झालं. चहा काय, चकल्या काय! साहेबाने विचारलं, "हमारे देश में मुसलमान को रूम नहीं देता. आप देता?"

दौलतराव हसत म्हणाले, "सेम साहेब, सेम! दो रूम खाली है. पर उनको बोलने का, जगा नहीं. काम लेने का, घर नहीं देने का."

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

सिनेमा झाल्यावर सुचित्राताईंनी मला दौलतरावांना भेट म्हणून परत दिलं. एका रविवारी दुपारी चाळीच्या हॉलमध्ये पडदा लावला. मला मानाने खुर्चीवर ठेवलं. आपण काय बोललो ते दौलतराव विसरूनही गेले होते. त्यांना फक्त कोट दाखवायचा होता, म्हणून हसनभाईंना त्यांनी हाताला धरून पुढे बसवलं. "आपलं काम बघ रे पडद्यावर!"

साहेबाला बघून लोक पोट धरून हसले. मग दौलतराव पडद्यावर आले आणि ते सगळं बोलले. हसनभाई सावकाश उठले.

"दोन होत्या, दौलतराव?" एवढंच त्यांनी विचारलं आणि चपला घालून ते निघून गेले.

महिन्याभराने दौलतराव चाळीच्या कमिटीशी भांडून एका खोलीची किल्ली घेऊन हसनभाईंकडे गेले. परत येऊन त्यांनी बायकोला, मीराबाईंना, सांगितलं.

"मुंब्र्याला खोली घेतलीन त्यानं. मला चहा दिलान, बसवलान. भांडला असता तर बरं झालं असतं गो. किल्ली बघून म्हणतो, 'राहू द्या. तुमच्या चाळीत पोरं वाढवायची भीती वाटते आता.'"

मित्रांनो, त्या साहेबाला सगळे हसले, पण तो खोटा होता. खरे होते ते आमचे दौलतराव. ते वाईट माणूस नव्हते, हेच मला सोसत नाही. मला कसर लागली तर लागू द्या, माझी काळजी नको. तुमच्याबरोबर रोज काम करणाऱ्या माणसाला मात्र तुम्ही आपणहून सांगा, "शेजारी राहायला ये." तो विचारतो आहे तोवरच सांगा. एकदा त्याने विचारायचं सोडलं की मागाहून नेलेली किल्ली कुणी घेत नाही.