तिसऱ्यांदा पास

सोयगावच्या धनगराचा कडूबा चिकलठाण्याच्या कंपनीत संगणक तपासतो म्हटलं, की गावात लोक हसायचे. संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा तयार झाला की नऊ बनावटींच्या नऊ मशीनवर आपोआप चढायचा, मशीन सुरू व्हायचं आणि कागदावर छापून यायचं: पास किंवा नापास. हे सगळं करवणारा प्रोग्राम कडूबानंच लिहिला होता.

त्या जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं. त्या दिवशी दुपारी रस्ते अडायच्या आत मालक नानासाहेबांना जीप शहराबाहेर, हर्सूलच्या पुढं काढायची होती. जीपमध्ये नवा गाभा चढवलेलं एका दवाखान्याचं मशीन होतं. कुणाचं रक्त कुठल्या गटाचं, तो माणूस कुठं भेटतो, ही यादी त्यात.

कागदावर नऊच्या नऊ पास. कडूबा सही करणार, तोच त्याची नजर वेळेच्या रकान्यावर गेली. सातव्या मशीनला तिप्पट वेळ लागला होता.

गडी कळपात वाढलेला. लंगडी मेंढी मागं राहिली तर तिच्यासाठी थांबायचं, हा बाप मुंजाबाचा शिरस्ता. म्हणून या शहाण्यानं प्रोग्राममध्येही तेच लिहिलेलं: मशीन उठलं नाही तर परत सुरू कर, उठलं की पास लिही. सातवं दोनदा गोठून तिसऱ्यांदा पास झालं होतं. अन् दवाखान्याचं मशीन नेमकं त्याच बनावटीचं.

सांगावं तर नोकरी जाते. न सांगावं तर उद्या कुणाचा तरी जीव जातो. कडूबा लई घाबरला, पण कागद घेऊन बाहेर गेलाच.

"जीप थांबवा, साहेब. माझी चूक हाय."

सगळं ऐकून नानासाहेब कडाडले, "मशीन म्हंजी काय मेंढरू हाय का रे?" मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "ही ओळ कधीपासून हाय?"

"दिवाळीपासून."

"म्हंजी तवापासून धाडलेली अकरा मशिनं?"

"व्हय."

नानासाहेबांनी फोन त्याच्यापुढं सरकवला. त्या अकरांतलं एक, असल्याच रक्ताच्या यादीचं मशीन फर्दापूरच्या दवाखान्यात गेलं होतं; कडूबानं आधी तिथला नंबर फिरवला. नर्स गीताबाईंनी उचलला.

"बरं झालं तुमचाच फोन आला," त्या म्हणाल्या. "सकाळपासून यादी उघडत नाय, अन् इथं बाळंतीण रक्तावाचून पडलीय."