पिठातली पावलं

पानं गळायला लागली, हवेत गारवा आला, की उंदरांना नेमकं आमचंच घर आठवतं. यंदा नवऱ्याने फर्मान काढलं, "उंदरांच्या औषधवाल्याला बोलवू. भोकंही तोच बुजवेल."

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. ते उसळलेच. "भोकं बुजवायला परका माणूस? मी मेलोय का?"

"हात थरथरतो तुमचा, बाबा. बरं, रविवारपर्यंत बघू. उंदीर आला, तर ती अवजारांची पिशवी भंगारात. उगाच अडगळ!"

अस्सा राग आला मला! ती पिशवी सासऱ्यांच्या खाटेखाली असते. कामं सुटली, तरी आठवड्यातून एकदा ते थापी पुसून परत ठेवतात.

मग आठवडाभर सासरे घरभर रांगत होते. मोरीच्या पाइपाभोवतीची पोकळी, मागच्या दाराची फट, ओट्यामागचं भगदाड. आधी तारेची घासणी कोंबायची, वरून सिमेंट. माझ्या चार घासण्या गेल्या. पण काम असं गुळगुळीत, की येता-जाता बोट फिरवावंसं वाटे.

तरी स्वयंपाकघरातल्या कोनाड्यातला बिस्किटांचा पुडा रोज फाटलेला! नवऱ्याचं गोड डॉक्टरांनी बंद केलंय, तेव्हा बिस्किटं फक्त सासऱ्यांच्या चहापुरती. नवरा रोज पुडा नाचवायचा, "बघा, आला!" सासऱ्यांचं तोंड एवढंसं व्हायचं.

शनिवारी त्यांनी झोपण्यापूर्वी कोनाड्याखाली पीठ भुरभुरलं. म्हणाले, "कुठून येतो ते पावलंच सांगतील."

रविवारी सकाळी मी चहा टाकायला गेले, तर सासरे गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने पीठ पुसत होते. एक पाऊल अजून उरलं होतं. चांगलं वीतभर लांब, वाकड्या अंगठ्याचं. तसला अंगठा घरात एकाचाच आहे.

मी तोंड उघडणार, तोच सासऱ्यांनी हात जोडले आणि तेही पाऊल पुसून टाकलं. माझ्या तोंडापासून लेकाला वाचवत होते!

तेवढ्यात लेक जांभई देत आलाच. "काय बाबा, सापडलं भोक?"

"राहिलं असेल एखादं. हात थरथरतो रे आता." त्यांनी मान वर केली नाही. "ने ती पिशवी."

मला रडूही येत होतं आणि नवऱ्याच्या डोक्यात लाटणं घालावंसंही वाटत होतं. नवऱ्याने ओली फरशी बघितली, फडकं बघितलं, मग स्वतःचे पांढरे तळवे बघितले. कान लालबुंद झाले.

"बाबा, बिस्किटं मीच खाल्ली. रोज."

सासऱ्यांनी फडकं शांतपणे पिळलं.

"सूनबाई, थोडं सिमेंट उरलंय. तो कोनाडाच बुजवून टाकतो," ते म्हणाले. आणि लेकाकडे वळून, "उभा काय राहिलास? पिशवी आण माझी."